मेदाम्लांची त्वचाक्षोभ चाचणी : एक ऐतिहासिक आढावा (ढोकी परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्यामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. उसाची ही ओळख अलीकडची असून त्यापूर्वीची या परिसराची शेती ज्वारीबरोबर करडई, जवस आणि भुईमूग या गळिताच्या पिकांवर उभी होती. सोयाबीनने आज या पिकांचे क्षेत्र व्यापले असले, तरी घाण्याचे तेल आणि त्याचा अंगाला होणारा स्पर्श हा येथील लोकजीवनाचा दीर्घकाळ भाग राहिला आहे. तेल, साबण आणि मलम या तिन्हींचा रासायनिक पाया मेदाम्ले हाच आहे. ही मेदाम्ले त्वचेला कितपत बाधतात, याचा शोध प्रयोगशाळेने कसा घेतला आणि तो कोणाच्या त्वचेवर घेतला, याचा आढावा घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. लाली, सूज, खाज किंवा आग या स्वरूपात दिसणाऱ्या, बाह्य पदार्थामुळे उद्भवणाऱ्या परिणामास येथे त्वचाक्षोभ असे म्हटले आहे.

पूर्वपीठिका

त्वचेला बाधणाऱ्या पदार्थांचे ज्ञान ग्रामीण समाजाला प्रयोगशाळेपूर्वीपासून होते. ‘बिब्बा उतला’ हा मराठी शब्दप्रयोग त्याची साक्ष देतो. बिब्ब्याच्या रसाने धोब्याने कपड्यावर केलेली खूण अंगावर पुरळ उठवते, ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांमुळे 1943 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. मात्र बिब्ब्याची बाधा प्रामुख्याने अ‍ॅलर्जीची असते. ती काहींना होते, काहींना होत नाही. क्षोभक पदार्थ पुरेशा प्रमाणात आणि पुरेसा वेळ लागल्यास जवळजवळ कोणालाही बाधतो. हा भेद करण्यासाठी पद्धतशीर चाचणीची आवश्यकता होती.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी 1823 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्निग्ध पदार्थांची घटना उलगडून दाखविली व मेदाम्लांच्या अभ्यासाचा पाया घातला. 1895 मध्ये योसेफ याडासोन यांनी संशयित पदार्थ त्वचेवर पट्टीखाली ठेवून परिणाम पाहण्याची ‘पॅच टेस्ट’ मांडली. रसायनशास्त्र आणि त्वचारोगशास्त्र या दोन धारा पुढे साबणाच्या प्रश्नावर एकत्र आल्या.

महाराष्ट्रातील संदर्भ

मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी 1918 च्या सुमारास प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलापासून साबण तयार केला. स्वदेशी चळवळ आणि धार्मिक भावना या दोन्ही दृष्टींनी या घटनेचे महत्त्व वारंवार सांगितले जाते. तिची रासायनिक बाजू मात्र दुर्लक्षित राहिली आहे. चरबीत 16 आणि 18 कार्बनच्या लांब साखळीची मेदाम्ले प्रमुख असतात. याउलट भरपूर फेसासाठी साबणात घातल्या जाणाऱ्या खोबरेल तेलात 8 ते 12 कार्बनच्या मध्यम साखळीची मेदाम्ले सुमारे 60 टक्के असतात व त्यांत लॉरिक आम्लाचा वाटा सर्वाधिक असतो. म्हणजे चरबीऐवजी कोणते वनस्पती तेल आले, यावर त्वचेला लागणारे रसायनही बदलते. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञान विभाग स्थापन झाला आणि पुढे तेथे तेल व स्निग्ध पदार्थांच्या तंत्रज्ञानाचे शिक्षण सुरू झाले. तेलाचे पृथक्करण अशा रीतीने महाराष्ट्रात रुजले. त्वचेवरील परिणामाच्या मोजणीची मूळ पद्धत मात्र परदेशातून आली.

चाचणीचा विकास

अमेरिकेत 1933 मध्ये पापण्यांच्या एका रंगामुळे स्त्रियांना अंधत्व आल्याची प्रकरणे गाजली आणि 1938 च्या कायद्याने सौंदर्यप्रसाधने शासकीय नियंत्रणाखाली आली. त्या शासकीय यंत्रणेतील जॉन ड्रेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1944 मध्ये सशांवरील चाचणी प्रसिद्ध केली. सशाच्या पाठीवरील केस कापून पदार्थ 24 तास पट्टीखाली ठेवावयाचा आणि लालीला 0 ते 4 व सुजेला 0 ते 4 असे गुण द्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. ही चाचणी अखंड आणि मुद्दाम खरचटलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या त्वचेवर केली जात असे, ही बाब विशेष लक्षणीय आहे. 1981 मध्ये आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) 404 क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. तिच्यात संपर्काचा काळ 4 तासांवर आला आणि केवळ अखंड त्वचा ग्राह्य धरली गेली.

मेदाम्लांविषयीचे निर्णायक निष्कर्ष मानवी त्वचेवरून मिळाले. स्टिलमन, मेबॅक आणि शॅलिटा यांनी 1975 मध्ये 3 ते 18 कार्बनच्या मुक्त मेदाम्लांची तुलना पॅच टेस्टने केली. 8 ते 12 कार्बनची आम्ले सर्वाधिक क्षोभक ठरली. तपासलेल्या असंतृप्त आम्लांपैकी केवळ लिनोलिक आम्लाने क्षोभ घडविला. मध्यम साखळीचा रेणू पाण्यातही काही अंशी विरघळतो आणि त्वचेच्या स्निग्ध थरातही शिरतो, असे याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण दिले जाते. 1979 मध्ये फ्रॉश आणि क्लिगमन यांनी साबणाचे 8 टक्के द्रावण हातावर बंद पट्टीखाली ठेवून 18 साबणांची तुलना केली. त्यांतील अल्बर्ट क्लिगमन यांचे नाव फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात 1951 ते 1974 या काळात कैद्यांवर झालेल्या त्वचाप्रयोगांशीही जोडलेले आहे. त्या प्रयोगांबद्दल फिलाडेल्फिया शहराने 2022 मध्ये अधिकृत क्षमायाचना केली. त्वचाविज्ञानाच्या प्रगतीचा विचार या इतिहासापासून वेगळा करता येत नाही.

करडईचे उदाहरण

लिनोलिक आम्लाचा निष्कर्ष ढोकी परिसराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण करडईच्या तेलात या आम्लाचे प्रमाण साधारणतः 70 टक्क्यांहून अधिक असते. म्हणून करडईचे तेल त्वचेला घातक आहे, असे अनुमान काढणे मात्र चुकीचे ठरेल. तेलात हे आम्ल ग्लिसरॉलशी बद्ध असते. चाचणी मुक्त आम्लाची, तीही बंद पट्टीखाली झालेली होती. शिवाय बर दांपत्याने 1929-30 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, स्निग्ध पदार्थरहित आहाराने त्वचा खवलेदार होते आणि लिनोलिक आम्लाने ती सुधारते. एकच आम्ल त्वचेच्या घडणीस आवश्यक आणि मुक्त अवस्थेत क्षोभक ठरते. रेणूची अवस्था, संपर्काचा काळ आणि त्वचेची स्थिती यांचा उल्लेख नसलेला निष्कर्ष म्हणूनच अपुरा असतो.

भारतीय मानके आणि कायदा

भारतीय मानकानुसार अंगाच्या साबणात एकूण स्निग्ध पदार्थांचे (टीएफएम) किमान प्रमाण पहिल्या श्रेणीसाठी 76, दुसऱ्या श्रेणीसाठी 70 आणि तिसऱ्या श्रेणीसाठी 60 टक्के ठरलेले आहे. हा आकडा मेदाम्ले किती आहेत हे सांगतो, कोणती आहेत हे सांगत नाही. त्यामुळे अधिक टीएफएम म्हणजे अधिक सौम्य साबण, हा प्रचलित समज 1975 च्या निष्कर्षांच्या प्रकाशात अर्धवट ठरतो.

मे 2014 मध्ये भारताने सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचणीस बंदी घातली व त्याच वर्षी नोव्हेंबरपासून अशा चाचणीतून आलेल्या प्रसाधनांची आयातही थांबविली. प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी बाह्यत्वचेवरील चाचणीला ओईसीडीने 2010 मध्ये 439 क्रमांकाच्या मार्गदर्शिकेद्वारे मान्यता दिली होती. या चाचणीत 50 टक्के किंवा त्याहून कमी पेशी जिवंत राहिल्यास पदार्थ क्षोभक समजला जातो. सशाची यातना यामुळे टळते, ही निःसंशय स्वागतार्ह बाब आहे.

समारोप

ड्रेझ यांच्या चाचणीत असलेली खरचटलेली त्वचा पुढील प्रमाणित चाचण्यांतून वगळली गेली आणि बाह्यत्वचेचे नवे नमुनेही अखंडच असतात. उसाच्या पात्याने कापलेले हात, हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचा, धुणीभांडी करून सोललेली बोटे ही ढोकीसारख्या गावातील साबण वापरणाऱ्यांची नेहमीची त्वचा आहे. ‘सौम्य’ हा शिक्का ज्या त्वचेच्या आधारे मिळतो, ती त्यांची नव्हे. ग्रामीण महाविद्यालयांतील रसायनशास्त्र, गृहविज्ञान आणि इतिहास या विभागांनी टीएफएमच्या प्रात्यक्षिकाबरोबर हा चाचणीचा इतिहासही शिकविल्यास विद्यार्थ्याला वेष्टनावरील आकड्याचा अर्थ आणि त्याची मर्यादा दोन्ही कळतील. कष्टकऱ्यांची भेगाळलेली त्वचा चाचणीच्या कक्षेत कशी आणावी, हा प्रश्न मात्र अद्याप शिल्लक असून त्याची मांडणी ज्यांच्या परिसरात अशी त्वचा रोज दिसते, त्यांनीच करावयास हवी.