कॉलनी सिम्युलेशन खेळांतील कौशल्यव्यवस्था

कॉलनी सिम्युलेशन हा संगणकीय खेळांचा एक प्रकार असून त्यात खेळाडू एका पात्राची भूमिका न घेता संपूर्ण वस्तीचा कारभार पाहतो. वस्तीतील प्रत्येक रहिवाशाची निरनिराळी कामे करण्याची क्षमता स्वतंत्रपणे मोजली जाते. ही क्षमता सरावाने कशी वाढते आणि सराव तुटल्यास कशी घटते, हे ठरवणाऱ्या नियमांना कौशल्यव्यवस्था म्हणतात. रहिवासी मोजकेच असल्याने एका निष्णात व्यक्तीचे कौशल्य गमावणे वस्तीच्या अस्तित्वावर बेतू शकते.

कौशल्यप्राप्ती

टायनन सिल्व्हेस्टर यांच्या लुडियन स्टुडिओजने २०१८ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रकाशित केलेल्या रिमवर्ल्ड या खेळात नेमबाजी, बांधकाम, स्वयंपाक, वनस्पती, वैद्यक, संभाषण इत्यादी १२ कौशल्ये आहेत. प्रत्येकाची पातळी ० ते २० असते. पात्राचे बालपण आणि पूर्वीचा व्यवसाय यांवरून सुरुवातीच्या पातळ्या ठरतात; काही पात्रे विशिष्ट कामे मुळीच करू शकत नाहीत.

पुढील वाढ प्रत्यक्ष कामातून मिळणाऱ्या अनुभवगुणांनी होते. तिचा वेग आवडीवर अवलंबून असतो. आवड नसलेले काम पात्र ३५ टक्के वेगाने शिकते, साधी आवड असल्यास १०० टक्के, तर तीव्र आवड असल्यास १५० टक्के वेगाने शिकते. एका दिवसात एकाच कौशल्यात ४,००० गुण मिळाल्यानंतर शिकण्याचा वेग एक पंचमांशावर येतो. त्यामुळे रात्रंदिवस एकच काम देऊन कोणालाही झटपट तज्ज्ञ करता येत नाही.

कौशल्यऱ्हास

रिमवर्ल्डमध्ये १० व्या पातळीपासून कौशल्याची झीज सुरू होते. १० व्या पातळीवर दररोज ३० गुण, तर २० व्या पातळीवर ३,६०० गुण कमी होतात. म्हणजेच सर्वोच्च पातळी टिकवण्यासाठी दिवसाच्या पूर्ण वेगाच्या शिक्षणाचा बहुतांश भाग खर्ची पडतो. उत्तम स्मरणशक्तीचा गुणधर्म असलेल्या पात्रांत ही झीज निम्मी असते.

शारीरिक इजेचा परिणाम वेगळा असतो. हात किंवा डोळा गमावलेल्या शल्यविशारदाची वैद्यक पातळी तशीच राहते. मात्र हालचालींचे कौशल्य व दृष्टी मंदावल्याने शस्त्रक्रियेच्या यशाची शक्यता घटते.

अन्य खेळांतील पद्धती

टार्न अ‍ॅडम्स व झॅक अ‍ॅडम्स या बंधूंच्या ड्वॉर्फ फोर्ट्रेस (२००६) या खेळात न वापरलेल्या कौशल्यांना ‘गंज’ चढतो. याच खेळात एखाद्या बुटक्याला अचानक निर्मितीची ओढ लागते. अद्वितीय वस्तू पूर्ण झाल्यास तो बहुतेक वेळा त्या कलेत थेट सर्वोच्च श्रेणीला पोहोचतो. आवश्यक साहित्य न मिळाल्यास त्याला वेड लागते.

क्ले एंटरटेनमेंटच्या ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड (२०१९) या खेळात अनुभवातून मिळालेले गुण खर्चून कौशल्ये निवडली जातात. तेथे किंमत निराळ्या रूपात मोजावी लागते: प्रत्येक नव्या कौशल्याबरोबर पात्राच्या राहणीमानाच्या अपेक्षा वाढतात आणि त्या पूर्ण न झाल्यास मानसिक ताण वाढतो.

खेळावरील परिणाम

या नियमांमुळे श्रमविभागणीचा पेच निर्माण होतो. रिमवर्ल्डमध्ये औषधी हीलरूट वनस्पती पेरण्यासाठी वनस्पती कौशल्याची ८ वी पातळी लागते. अशी एकच व्यक्ती असेल आणि ती दगावली, तर औषधाची लागवड थांबते. वस्तीचा एकमेव वैद्य हल्ल्यात जखमी झाल्यास तो स्वतःवर उपचार करू शकतो, परंतु त्यांचा दर्जा कमी असतो. दुसरा वैद्य तयार करायचा, तर रुग्ण दोघांत विभागले जाऊन पहिल्याचा सराव कमी होतो व त्याची उच्च पातळी झिजू लागते. म्हणून वस्ती मोठी होत असताना वरिष्ठ तज्ज्ञाचे प्रावीण्य राखणे आणि झीज न होणाऱ्या मध्यम पातळीवर पर्यायी माणूस घडवणे, यांचा समतोल साधावा लागतो.