तीन लेबलं, एक लाख : जुन्या तबकड्यांचा नॉमिनल रोल

मुक्काम पोस्ट सेक्टर ६, भिलाई.

मंडळी, भिलाईहून लिहायचं म्हटलं की वाचणाऱ्याला पोलाद अपेक्षित असतं. १९५५ला सोव्हिएत रशियाशी करार, १९५९ला पहिली झोतभट्टी, नंबर घातलेले सेक्टर आणि विदर्भातून नोकरीसाठी येऊन इथेच स्थायिक झालेली मराठी घरं. त्यावर पुढे कधीतरी लिहीन. आजचा विषय लाखेचा आहे.

छत्तीसगडच्या जंगलात कुसुम, पळस आणि बोर या झाडांच्या फांद्यांवर एक बारीकसा किडा राहतो. फांदीवर तो जो थर चढवतो ती लाख. आपल्याला ती बांगड्यांमुळे आणि पत्रावरच्या सीलमुळे माहीत. पण विसाव्या शतकाची पहिली पन्नासेक वर्षं जगभर ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या वाजल्या, त्या याच लाखेनं बांधलेल्या होत्या. तबकडीत दगडाची भुकटी जास्त, काळेपणा काजळीचा, आणि हे सगळं धरून ठेवायला लाख. जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारत, आणि भारतात छोटा नागपूर ते छत्तीसगड हा मुख्य पट्टा. न्यूयॉर्कचं जॅझ असो की पुण्याचं नाट्यपद, माल एकाच भांडारातून गेलेला.

शेजारच्या ब्लॉकमधल्या एका निवृत्त काकांकडे त्यांच्या वडिलांच्या तबकड्या आहेत. त्या लावून द्यायला बसलो तेव्हा सवयीप्रमाणे आधी लेबलवार ढीग केले. कुत्र्याचं चित्र असलेली एचएमव्ही, दोन सुरांच्या खुणेची कोलंबिया, घुमटाची ओडियन आणि थोड्या यंग इंडिया. स्टोअरची मोजदाद केलेल्या माणसाला नंबर दिसले की लेजर आठवतं. एचएमव्हीचा ‘एन’, कोलंबियाचा ‘जीई’ आणि पुढे आकडे. कंपनीचा कॅटलॉग म्हणजे तिचा नॉमिनल रोल. युनिटच्या रोलवर ज्याचं नाव नाही तो कागदोपत्री तिथे नव्हताच. संगीताच्या इतिहासातही तसंच घडलं आहे. म्हणून हे रोल शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवेत.

पहिला रोल ग्रामोफोन कंपनीचा, म्हणजे पुढच्या एचएमव्हीचा. नोव्हेंबर १९०२मध्ये फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहरजानचा आवाज मेणात घेतला. तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबून जहाजानं परत येत. १९०८ला कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, वीसेक वर्षांनी तो दमदमला गेला. या कंपनीजवळ पैसा, कारखाना आणि गावोगावचे विक्रेते तिन्ही होते. तिच्या कॅटलॉगात भाषावार याद्या, कलावंतांचे फोटो आणि दर महिन्याची नवी पुरवणी असे. एकदा नाव झालेला कलावंत कुठल्याही कंपनीकडे जाऊ दे, शेवटी इथे यायचाच, असा तिचा दबदबा.

मोठी कंपनी नव्या माणसाला संधी देतच नव्हती, असं मात्र नाही. नागपूरचे वकील जी. एन. जोशी यांनी १९३२च्या सुमाराला मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन तबकडीवर आणली आणि मराठी भावगीताला घरोघर वाट मिळाली. नाटकाचं पद नाही, भजन नाही, लावणी नाही, नुसती एक कविता. पुढे १९३८ला जोशी स्वतःच एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावानं निघाल्या, त्याही एचएमव्हीच्याच. कंपनीत जाणकार माणूस बसला की रोल कसा बदलतो, त्याची ही उदाहरणं.

दुसरा रोल ओडियनचा. ही बर्लिनची कंपनी. तबकडीच्या दोन्ही बाजूंना गाणं घालून विकायची टूम हिनं १९०४ला काढली. तोवर ग्रामोफोन कंपनीची एकच बाजू वाजे, दुसरी सपाट. काही वर्षांत ग्रामोफोन कंपनीलाही दोन्ही बाजू भराव्या लागल्या. स्पर्धेचा गिऱ्हाइकाला झालेला हा रोकडा फायदा. ओडियनवाले १९०६च्या अखेरीस ध्वनिमुद्रणाला भारतात आले होते, पण पहिलं महायुद्ध लागलं आणि जर्मन मालाची वाट बंद झाली.

त्याच महायुद्धात बर्लिनजवळ वुन्सडॉर्फच्या छावणीत आपले कैदी सैनिक होते. जर्मन अभ्यासकांनी त्यांचे आवाज मुद्रित केले. मालसिंग नावाच्या पंजाबी शिपायाचा ११ डिसेंबर १९१६चा आवाज आजही ऐकायला मिळतो. तो घरच्या लोण्याची आठवण काढतो. हे रेकॉर्डिंग विक्रीसाठी नव्हतं, कुठल्याच कंपनीच्या कॅटलॉगात ते नव्हतं. आवाज टिकला तो सरकारी दप्तरानं नंबर घालून जपला म्हणून. नोंदीचं महत्त्व सैनिकाला यापेक्षा वेगळं सांगायला नको.

ओडियन भारतात पुन्हा जोरात आली ती १९३२ ते १९३८ या काळात. तिच्या रोलवरचं आपल्या दृष्टीनं सर्वांत मोठं नाव म्हणजे मिरजेचे अब्दुल करीम खाँ. १९०५च्या आसपास त्यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी काही तबकड्या दिल्या होत्या. पण आज आपण ज्यांना ‘खाँसाहेबांची रेकॉर्ड’ म्हणतो ती त्यांची ठुमरी, त्यांचे ख्याल, त्यांची सरगम, हे सगळं तिसाच्या दशकातल्या ओडियनचं. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची, आणि त्यांनी त्या तीन मिनिटांत राग उभा केला. १९३७ला ते गेले. ओडियनचा तो दौर लगेचच संपला. मग या तबकड्या नंतर कोलंबियाच्या लेबलवर कशा मिळत राहिल्या?

इथे कॅटलॉगाच्या मागचा ताळेबंद बघावा लागतो. ओडियनची मूळ मालक लिंडस्ट्रॉम ही कंपनी १९२६ला कोलंबियानं घेतली. १९३१ला कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र होऊन ईएमआय झाली. म्हणजे तिसाच्या दशकात दुकानाच्या फळीवर एचएमव्ही, कोलंबिया आणि ओडियन एकमेकींशी झुंजत होत्या, पण लंडनच्या वहीत एकाच माळेचे मणी! लेबल बंद पडलं तरी साचे घरातच राहिले. खाँसाहेबांचा सूर थोर होता म्हणून टिकला हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की त्यांच्या लेबलाला वारस होता.

कलकत्त्यात तर याहून मजेची गोष्ट. हिंदुस्थान, मेगाफोन ही देशी लेबलं १९३२च्या सुमाराची. सैगल हिंदुस्थानवर गाजला. पण या तबकड्या दाबल्या जायच्या दमदमला, ग्रामोफोन कंपनीच्याच कारखान्यात. लेबल माझं, भट्टी तुझी.

म्हणून तिसरा रोल वेगळा ठरतो. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं ‘यंग इंडिया’ हे लेबल १९३५ ते १९५५ अशी वीस वर्षं चाललं. यांचा स्वतःचा कारखाना होता आणि तो मुंबईतच. मोठी नावं एचएमव्हीकडे बांधलेली, त्यामुळे यंग इंडियानं नवे, हौशी आणि आपापल्या गावापुरते माहीत असलेले गायक घेतले. शिक्षणासाठीचे संचही काढले. एचएमव्हीचा कॅटलॉग वाचला की त्या काळातले मोठे कोण ते कळतं. यंग इंडियाचा वाचला की त्या काळात गात कोण होतं ते कळतं. दोन्ही माहिती वेगळी आहे आणि दुसरी जास्त दुर्मिळ आहे. या लेबलाला ओडियनसारखा वारस मिळाला नाही. त्यातलं बरंचसं ऐकायचं तर संग्राहकांकडे जावं लागतं. मुंबईत १९९०ला सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे सुरेश चांदवणकर यांनी या लेबलाचा इतिहास कष्टानं मांडला नसता, तर नावही पुसलं गेलं असतं.

जॅझमध्येही अगदी हेच झालं. अमेरिकेत १९१७ला व्हिक्टर या बड्या कंपनीनं जॅझची पहिली तबकडी काढली. वाजवणारे न्यू ऑर्लिन्सचे पाच गोरे वादक. फक्त व्हिक्टरचा रोल वाचला तर जॅझ त्यांनीच जन्माला घातलं असं वाटेल. ज्या काळ्या वादकांनी ही कला घडवली, त्यांचा किंग ऑलिव्हर आणि त्याच्या शेजारी तरुण लुई आर्मस्ट्राँग १९२३ला तबकडीवर आले ते जेनेट या लेबलामुळे. हा एका पियानो कंपनीचा जोडधंदा. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना लागून, गाडी आली की रेकॉर्डिंग थांबवायचं. पॅरामाउंट हे दुसरं लेबल तर खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीचं होतं. मंदीत ते बुडालं आणि धातूचे साचे बहुतेक भंगारात गेले. आर्मस्ट्राँगच्या १९२५ नंतरच्या गाजलेल्या तबकड्या ओके या लेबलच्या. त्या युरोपात पार्लोफोन आणि ओडियनवर विकल्या गेल्या. म्हणजे आर्मस्ट्राँगचं ट्रम्पेट आणि खाँसाहेबांचा षड्ज एकाच घुमटाखाली नांदले आहेत.

मुंबईत जॅझ होतं का? होतं. १९३५ला लिऑन अ‍ॅबीचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. १९३६ला क्रिकेट स्मिथच्या वाद्यवृंदानं रेक्स लेबलसाठी ताजच्या नावाचा फॉक्सट्रॉट मुद्रित केला. त्यांच्याकडून आपल्या गोव्याच्या वादकांनी ही कला उचलली. आल्दोनाचा अंतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट वाजवी, लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्याला हाताशी धरलं आणि १९५१च्या ‘अलबेला’त ते जॅझ गल्लीबोळांत नाचलं. पण तबकडीवर नाव गायकाचं, संगीतकाराचं आणि चित्रपटाचं. कॅटलॉगात नोंद ‘फिल्म’. बँडमधल्या माणसाचं नाव नाही. आपल्या देशातलं पुष्कळ जॅझ असं दुसऱ्याच शीर्षकाखाली जमा आहे. शोधणाऱ्यानं तिथे शोधावं.

आता माजी सैनिकांसाठी खास. दुसऱ्या महायुद्धात भारतातून येणाऱ्या लाखेची वाट धोक्यात आली, शिवाय ती युद्धकामाला हवी होती. १९४२ला अमेरिकन सरकारनं बिगरलष्करी कामासाठी लाखेचा वापर ७० टक्क्यांनी कमी केला. नवी तबकडी हवी तर जुनी आणून द्या, असा शिरस्ता पडला. जुन्या तबकड्या दळून नव्या होऊ लागल्या. किती दुर्मिळ जॅझ त्यात गेलं असेल, विचार करा. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेनं कंपन्यांसाठी वाजवणं बंद केलं. एकीकडे लाख नाही, दुसरीकडे वादक नाहीत.

अशा वेळी १९४३च्या ऑक्टोबरात लष्करानं स्वतःच्या तबकड्या काढल्या, नाव ‘व्ही-डिस्क’. त्या लाखेच्या नव्हत्या, न फुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या होत्या, आघाडीवर खोक्यातून पाठवायला सोयीच्या. संघटनेनं परवानगी दिली, कलावंतांनी मोबदला सोडला आणि कंपन्यांनी करार बाजूला ठेवले. त्यामुळे एरवी करारांनी वेगवेगळे बांधलेले वादक एका मायक्रोफोनसमोर उभे राहिले. १९४४च्या डिसेंबरात आर्मस्ट्राँग आणि जॅक टीगार्डन असेच एकत्र वाजले. १९४९पर्यंत नऊशेहून जास्त तबकड्या निघाल्या, ८० लाखांच्या वर प्रती गेल्या. ज्या एका कॅटलॉगात लेबलांची भांडणं नव्हती, तो शिपायासाठी काढलेला कॅटलॉग होता. आणि युद्धानंतर काय झालं? ठरल्याप्रमाणे त्याचे साचे नष्ट केले गेले, म्हणजे बाजारात स्पर्धा नको. आज तो वारसा आहे तो सैनिकांनी किटबॅगेत घालून घरी नेलेल्या प्रतींमुळे.

आपल्याकडे शिपायाचा असा कॅटलॉग रेडिओनं केला. विविध भारती १९५७ला सुरू झाली आणि तिच्या ‘जयमाला’त फौजी भावांच्या फर्माइशी लागू लागल्या. तिथे नंबर, नाव, गाव सांगितलं जाई. लेबल कोणी विचारलं नाही.

एचएमव्हीची भारतातली कंपनी २०००पासून सारेगामा या नावानं ओळखली जाते. तिच्याकडचं बरंच काही टिकेल, कारण त्यात पैसा आहे. प्रश्न उरतो तो वारस नसलेल्या लेबलांचा. त्यांची शेवटची प्रत एखाद्या माळ्यावर, पलंगाखालच्या ट्रंकेत असू शकते, आणि ती तुमच्या घरीही असू शकेल. मोठं नाव नसलं म्हणून ती भंगारवाल्याला देऊ नका. तबकडी उभी ठेवा, आडवी थप्पी लावू नका. ओल्या फडक्यानं लेबल पुसू नका. एका वहीत लेबल, नंबर, दोन्ही बाजूंचं गाणं, गाणाऱ्याचं नाव आणि ती घरात कोणी आणली, एवढं लिहून काढा. एका संध्याकाळचं काम आहे.

रोलवर नाव चढवायला लागते फक्त एक ओळ. ती लिहिणारा माणूस मात्र कोणीतरी असावा लागतो.

जय हिंद.