सुरक्षादीपाचे पहिले शतक

इंग्लंडच्या ईशान्येस टाइन नदीच्या दोन्ही तीरांवर जो कोळशाचा पट्टा पसरला आहे, त्याच्या जिवावर लंडन शहराच्या शेगड्या शतकानुशतके पेटत आल्या. परंतु तो कोळसा खणताना मेलेल्या माणसांची दखल घेण्याचा प्रघात त्या मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नव्हता. खाणमालकांची मर्जी राखण्यासाठी वृत्तपत्रे अशा दुर्घटनांविषयी मौन पाळीत. 25 मे 1812 रोजी फेलिंगच्या खाणीत ज्वालाग्राही वायूचा स्फोट होऊन 92 जीव गेले, तेव्हा जॉन हॉज्सन या स्थानिक धर्मोपदेशकाने खाणीचा नकाशा आणि मृतांची नावे व वये यांसह त्या घटनेचा वृत्तांत छापून प्रसिद्ध केला. हवेच्या वाटेवरील दारे उघडण्या-मिटण्यासाठी काळोखात बसवलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलांची वये त्या यादीत वाचल्यावर मौन राखणे कोणालाच शक्य राहिले नाही. खाणसुरक्षेच्या इतिहासात यंत्रे आणि कायदे यांना जेवढे स्थान आहे, तेवढेच मी या यादीला देतो.

हॉज्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या खटपटीतून हा प्रश्न सर हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञापर्यंत पोहोचला. 1815 साली त्याने खाणीतील वायूचे नमुने मागवून असा सिद्धांत बसवला की, ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी असली, तर बाहेर पडू पाहणाऱ्या ज्वालेची उष्णता ती जाळी शोषून घेते आणि भोवतालचा वायू पेटण्याइतका तापतच नाही. एका चौरस इंचात 784 छिद्रे, असे त्या जाळीचे प्रमाण ठरले. पुढल्या जानेवारीत हेबर्नच्या खाणीत दिव्याची परीक्षा झाली. वायू साचलेला असला की जाळीतील ज्योतीवर निळसर टोपी चढे, म्हणजे तोच दिवा भयसूचकही ठरला. जॉर्ज स्टीफन्सननेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे दिवा तयार केला होता आणि श्रेयावरून कटू वाद माजला, तो येथे विस्ताराने सांगण्याजोगा नाही. डेव्हीने मात्र आपल्या शोधाचे एकस्व घेतले नाही, ही गोष्ट आदराने नमूद केली पाहिजे.

एवढ्यावर अपघात आटोक्यात यावयास हवे होते. ते आले नाहीत. डरहॅम आणि नॉर्थम्बरलंड या दोन परगण्यांत दिवा येण्यापूर्वीच्या अठरा वर्षांत 447, तर नंतरच्या अठरा वर्षांत 538 माणसे खाणीत मेली, असे 1835 च्या संसदीय समितीला आढळून आले. वायूच्या भयाने पूर्वी सोडून दिलेल्या जागा आणि छताला आधार म्हणून राखलेले कोळशाचे खांब दिव्याच्या भरवशावर पुन्हा खणले जाऊ लागले. वायुवीजनावर करावयाचा खर्च पुढे ढकलला गेला. हवेचा झोत जोराचा असला तर ज्योत जाळीतून बाहेर फेकली जाते याची पर्वा राहिली नाही. आणि अपुऱ्या उजेडात वजनावर मजुरी मिळवणारा कामगार स्वतःच दिवा उघडू लागला. जे साधन माणसाच्या रक्षणासाठी निघाले, त्याचा उपयोग अधिक धोक्याच्या जागी काम काढण्याच्या परवान्यासारखा झाला. यातील मोठा दोष कामगाराच्या पदरी घालणे मला न्याय्य वाटत नाही; कारण कोणती जागा खणावयाची, हे ठरवणारा तो नव्हता.

1844 मध्ये हॅसवेल येथे 95 माणसे मेली, त्या प्रकरणी सरकारने मायकेल फॅरडे आणि भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांना पाठवले. नुसता वायूच नव्हे, तर खाणीत उडणारी कोळशाची बारीक धूळही पेटून स्फोट फैलावते, असे त्यांनी आपल्या अहवालात स्पष्ट लिहिले. मालकांनी खर्चाची सबब पुढे केली आणि तो अहवाल दप्तरात पडून राहिला. 1906 साली फ्रान्समधील कूरियेर येथे धुळीच्याच स्फोटात हजाराहून अधिक बळी गेले, त्याच्या साठ वर्षे आधी हे लिहिले गेले होते!

1850 च्या कायद्याने सरकारी तपासणीस नेमले गेले, पण सबंध देशाला अवघे चार. 1862 च्या जानेवारीत हार्टलीच्या खाणीत पंपाची अजस्र लोखंडी तुळई मोडून एकुलत्या एका उभ्या विवरात कोसळली आणि वर येण्याची दुसरी वाटच नसल्यामुळे 204 माणसे दगावली; त्यानंतर त्याच वर्षी प्रत्येक खाणीस दोन वाटा असल्याच पाहिजेत, असा कायदा झाला. आपल्याकडे चांद्यापासून झरियापर्यंतच्या भूमिगत खाणींना लागू असलेल्या नियमांतही ही अट आहे.

वेल्समधील सेंघेनिडच्या खाणीत 1901 साली स्फोट होऊन 81 माणसे मेली होती. आग लागल्यास खाणीतील हवेचा प्रवाह उलटवता येईल अशी पंख्यांची तजवीज करण्याचे बंधन 1911 च्या कायद्याने सर्व कंपन्यांवर घातले. त्याची मुदतही एकदा वाढवून मिळाली. ती टळून गेली तरी सेंघेनिडच्या पंख्यांत बदल झाला नव्हता. 14 ऑक्टोबर 1913 च्या सकाळी तेथे पुन्हा स्फोट झाला आणि 439 कामगार व बचावास उतरलेला एक मनुष्य मृत्यू पावले. खटला चालला, अपील झाले. व्यवस्थापकास निरनिराळ्या कसुरींबद्दल 24 पौंड, आणि पंख्याची तजवीज न केल्याबद्दल कंपनीस 10 पौंड दंड झाला.