कीस, भुसा आणि वारा

दिवाळी तोंडावर आली की घराघरांतून जळमटे निघतात, माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात आणि वर्षभर साठलेली धूळ दारातून बाहेर जाते. धुळीची आठवण आपल्याला एवढीच, वर्षातून एकदा. इतिहासकारांना तर तेवढीही होत नाही. त्यांनी राजे लिहिले, लढाया लिहिल्या, फार तर यंत्रांचे शोध लिहिले. पण त्या यंत्रांतून जी धूळ उडाली ती कोठे गेली, कोणाच्या छातीत गेली आणि ती धरून ठेवायला माणसाला किती वर्षे लागली, हे सहसा कोणी लिहीत नाही. या फराळाच्या दिवसांत वाचकांपुढे मी भुशाचे ताट ठेवीत आहे, त्याबद्दल त्यांनी रागावू नये. विषय रुक्ष वाटला तरी त्यात माणसाच्या श्वासाचा प्रश्न आहे.

आमचे आखाडा बाळापूर हे हिंगोली-नांदेड रस्त्यावरचे, कळमनुरी तालुक्यातले बाजाराचे गाव. आमच्याकडे शेतातल्या गोठ्यालाही आखाडाच म्हणतात. अशा आखाड्यावर, लिंबाच्या नाहीतर चिंचेच्या सावलीत पूर्वी सुताराचे काम चाले. बाभळीची औते, धावड्याचे आस, तिफण, वखर, गाडीची चाके, सारे उघड्यावर घडे. वाकसाने तासले की ढलप्या पडत, रंध्याने ओढले की लाकडाचे लांबलचक कीस गुंडाळत खाली येत. आम्ही पोरे ते कीस कानात अडकवून डूल म्हणून मिरवीत असू. हाताच्या करवतीचा भुसा जाडसर असे; पायाशी पडे, तेथेच राही. वारा आला तर उरलासुरला घेऊन जाई. सुताराला धूळ नव्हतीच असे नाही. मोठा ओंडका आडवा चढवून दोघे आरा ओढीत तेव्हा वरचा माणूस रेघ सांभाळी आणि खालच्याच्या डोळ्यांत, नाकात भुसा जाई. पण तो भुसा हाताच्या बळाने निघालेला होता. त्याला हाताची मर्यादा होती.

भुशाला किंमतही होती. गृहिणींना भुशाची शेगडी आठवत असेल. पत्र्याच्या डब्याला खाली भोक पाडायचे, मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा आणि बाटली अलगद काढून घ्यायची. एका भरणात सकाळचा स्वयंपाक उरके. गॅसच्या टाक्या आल्या आणि भुशाचे गिऱ्हाईक गेले. त्याच सुमारास भुसा मात्र दसपटीने वाढला, कारण लाकडाच्या कामात यंत्र शिरले होते.

हे यंत्र आले कोठून? १७७७ साली इंग्लंडात सॅम्युअल मिलर नावाच्या गृहस्थाने गोल करवतीचे पेटंट घेतले. पुढे १७९१ आणि १७९३ साली सॅम्युअल बेंथॅम याने रंधण्याच्या व लाकूडकामाच्या इतर यंत्रांची पेटंटे घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल याच्या आराखड्यांवरून हेन्री मॉडस्ले याने जहाजांच्या दोरखंडांसाठी लागणाऱ्या लाकडी कप्प्या करण्याची यंत्रे बसविली. १८०८ साली तेथे वर्षाला १,३०,००० कप्प्या निघू लागल्या आणि जे काम ११० कारागिरांचे होते ते १० माणसे करू लागली. शंभर कारागिरांचे काम गेले याची नोंद इतिहासाने ठेवली आहे. उरलेल्या दहांच्या भोवती ११० जणांचा भुसा उडू लागला असेल, त्याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

यंत्राच्या भुशाचा स्वभावच निराळा. हाताचा रंधा सावकाश, एका ओढीत एक लांब कीस काढतो. यंत्रातल्या रंध्याचे पाते मिनिटाला हजारो फेरे घेते. ते लाकूड सोलीत नाही, तोडीत जाते. त्यातून ढलप्या निघतात, त्यांबरोबर पीठ निघते, आणि त्या पिठातला सर्वांत बारीक भाग डोळ्यांना दिसतही नाही. जाड भुसा खाली पडतो, त्याची भीती थोडी. जो पडत नाही, तासन् तास हवेत तरंगतो, तो नाकावाटे आत जातो. कवडशात नाचणारे कण आपण सर्वांनी पाहिले आहेत. सुताराच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रत्येक कवडसा असा भरलेला असतो.

धुळीने कामकरी माणूस मरतो, हे जगाला ठाऊक नव्हते असे नाही. इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथच लिहिला आणि त्यात धान्य चाळणाऱ्यांचे, दगड घडविणाऱ्यांचे खोकले नोंदले. पण ठाऊक असणे निराळे आणि उपाय करणे निराळे. इंग्लंडात शेफील्डला चाकू-कात्र्यांना धार लावणारे कामगार दगडाच्या व लोखंडाच्या धुळीने ऐन उमेदीत मरत. १८२० च्या सुमारास त्यांच्यासाठी लोखंडाचे कण ओढून घेणारे चुंबकाचे साधन निघाले. कामगारांनीच ते नाकारले! धंदा जीवावरचा आहे म्हणून त्यात माणसे थोडी येतात आणि मजुरी बरी मिळते. धूळ गेली तर माणसे वाढतील आणि मजुरी पडेल, अशी त्यांची भीती होती. फ्रेडरिक एंगेल्स याने १८४५ च्या आपल्या पुस्तकात ही हकीकत नमूद केली आहे. स्वतःच्या फुप्फुसांचा भाव लावून पोट भरण्याची पाळी माणसावर येते ती अशी.

पुढची पायरी मात्र एका चांभाराने चढली. अमेरिकेतला बेंजामिन फ्रँकलिन स्टर्टेव्हंट हा गरीब घरातला, जोडे शिवणारा माणूस. जोड्यांच्या तळांना लागणाऱ्या लाकडी खुंट्या करण्याचे यंत्र त्याने खटपटीने बनविले. जोडे घासून गुळगुळीत करणाऱ्या चाकांतून चामड्याची धूळ उडे, ती ओढून नेण्यासाठी त्याने १८६० च्या दशकात फिरत्या पात्यांचा पंखा तयार केला. भुसा झाडून काढण्याऐवजी तो निघतो तेथूनच हवेबरोबर ओढून न्यावा, ही यातली कल्पना. चांभाराचा हा पंखा त्याच्या हयातीतच मोठा कारखाना होऊन बसला.

पण ओढलेली धूळ टाकायची कोठे? हा प्रश्न पिठाच्या गिरण्यांनी सोडविला, आणि त्यामागे एक भीषण अपघात आहे. २ मे १८७८ रोजी अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरी वॉशबर्न ए ही प्रचंड पिठाची गिरणी हवेतल्या पिठाने पेट घेऊन उडाली. १८ माणसे गेली. ज्या पिठाच्या आपण भाकरी करतो तेच हवेत तरंगताना दारूगोळ्यासारखे पेटते, हे लोकांना तेव्हा पटले. गिरण्यांतून धूळ धरण्याच्या साधनांची खटपट वाढली आणि १८८५ साली जॉन फिंच याला शंकूच्या आकाराच्या एका साधनाचे पेटंट मिळाले. त्याला इंग्रजीत सायक्लोन म्हणतात. आपण वावटळ म्हणू.

या वावटळीचे मर्म आमच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. खळ्यावर उंच उभे राहून धान्य उपणताना दाणा जड म्हणून सरळ खाली पडतो आणि भूस हलके म्हणून वाऱ्याबरोबर जाते. येथे तोच न्याय, फक्त गोफणीची जोड दिलेली. पत्र्याच्या गोल पिंपात हवा कडेने शिरते आणि गरगर फिरते. गोफणीतला दगड बाहेर ओढ घेतो तसा जड भुसा बाहेरच्या भिंतीकडे फेकला जातो, भिंतीवरून घसरत शंकूच्या तळाशी डब्यात पडतो आणि हलकी झालेली हवा मधल्या नळीने वर निघून जाते. अगदी बारीक धूळ मात्र तिच्याबरोबर निसटते. तिच्यासाठी शेवटी दाट विणीची पिशवी लागते.

हे सारे मला शोधावे लागले ते आमच्याच गावातल्या एका सुतारामुळे. त्याच्या मुलाने कर्ज काढून नवे रंधा मशीन आणले. यंत्राच्या पोटाला एक चार इंची गोल तोंड होते आणि त्यात चिंध्यांचा बोळा कोंबलेला होता. म्हातारा मला म्हणाला, “गुरुजी, हे नळकांडं कामून दिलं असंल? यातून भुसा अंगावर येतो म्हणून पोरानं बुजवून टाकलं.” यंत्र विकणाऱ्याने पट्टा कसा चढवायचा, पाते कसे बसवायचे ते सांगितले होते, त्या तोंडाविषयी तो अवाक्षर बोलला नव्हता. हाताखाली काम करणारा पोरगा माझाच जुना विद्यार्थी. सोळा-सतराचे वय; भुवयांवर भुसा, आणि वाक्यागणिक खोकला.

मग आम्ही त्या तोंडाला पंखा जोडायला घेतला. पहिल्यांदा पोराने संडासाच्या कामातली प्लॅस्टिकची नळी काटकोनात वळवून लावली. दुसऱ्याच दिवशी वळणावर ढलप्या अडकून नळी तुंबली. यालाही कारण आहे. लाकडाचा भुसा तरंगत न्यायचा तर नळीतली हवा मिनिटाला ४००० फुटांच्या आसपास धावली पाहिजे. चार इंची नळीतून त्या वेगाने मिनिटाला सुमारे ३५० घनफूट हवा जाते. सहा इंचीतून तोच वेग हवा असेल तर ७८५ घनफूट लागते. म्हणजे नळी मोठी केली आणि पंखा तोच ठेवला तर वेग मरतो व भुसा वाटेत बसतो. नळी बारीक केली, लांबविली किंवा एकदम वळविली तर हवा अडते. गावातल्या पत्र्याचे काम करणाऱ्याने लांब, सावकाश वळणाची पत्र्याची नळी केली, पंख्याच्या तोंडाशी नरसाळे बसविले आणि जुन्या पिंपाला शंकू जोडून वावटळ उभी केली. भुसा घासत जाताना नळीत विजेचा भार साठतो, म्हणून नळीपासून जमिनीत तार गाडली. पंखा आणि पिंप शेडबाहेर ठेवले, ते धूळ आत परतू नये आणि पेट घेतलाच तर आत माणसे सापडू नयेत म्हणून.

पेट घेण्याची ही शंका कोणी फाजील समजू नये. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१२ सालीच जानेवारी आणि एप्रिल अशा दोन महिन्यांत दोन आरागिरण्या भुशाच्या स्फोटाने उडाल्या आणि प्रत्येकीत दोन कामगार मेले. इंग्लंडात बॉस्ली येथे १७ जुलै २०१५ रोजी लाकडाचे पीठ करणारी गिरणी उडाली, त्यात चौघे गेले.

स्फोट निदान ऐकू तरी येतो. दुसरा धोका मुका आहे. इंग्लंडातील हाय विकम हे गाव खुर्च्यांसाठी पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध. तेथे नाक-कान-घशाच्या शल्यवैद्य एस्मे हॅडफील्ड यांच्या ध्यानात आले की, नाकाच्या आतल्या एका अतिदुर्मिळ कर्करोगाचे आपल्याकडे येणारे रोगी बहुतेक लाकूडकामातलेच आहेत. त्यांनी आणि डॉक्टर ॲचेसन प्रभृती सहकाऱ्यांनी १९६८ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. धूळ खाल्ली विशीत आणि रोग दिसला साठीत, असा हा उधारीचा व्यवहार. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोग निश्चित करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तो रोग थोड्यांना होतो हे खरे. पण दमा, खोकला आणि सुजलेले नाक यांना दुर्मिळ कोण म्हणेल? आता प्लायवूड आणि भुशाच्या दाबलेल्या फळ्या कापताना त्यांतला डिंकही धुळीबरोबर उडतो.

कायदा काय म्हणत होता तेही पाहू. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आमचा मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्यानंतर सहाच दिवसांनी, २३ सप्टेंबरची तारीख घेऊन, दिल्लीत कारखान्यांचा कायदा झाला. त्याच्या १४ व्या कलमात स्पष्ट होते की, धूळ जेथे निघते त्याच्या शक्य तितक्या जवळून ती ओढून घ्यावी आणि ती जागा शक्य तितकी झाकावी. स्टर्टेव्हंटची कल्पना आपल्या कायद्यात अशी उतरली होती. पण विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा माणसे असतील तरच कारखाना, अशी त्याची व्याख्या. आणि २०२० च्या संहितेत कारखान्यासाठी ती संख्या २० झाली. बाप, लेक आणि हाताखालचा पोरगा अशा तिघांच्या शेडला कायद्याचा वारा लागणार कसा? आणि गावोगावचे लाकूडकाम तर अशा तिघाचौघांच्या शेडमध्येच चालते.

म्हणून मला वाटते, यंत्र आले तेव्हा आपण अर्धेच आणले. लिंबाखालचा सुतार पत्र्याखाली गेला, हाताऐवजी मोटार आली. पण झाडाखाली जो वारा फुकट मिळत होता तो पत्र्याखाली विकत घ्यावा लागतो, हे त्याला कोणी सांगितले नाही. रंध्याला हप्ते पाडून मिळतात, पंख्याला कोणी पाडून देत नाही. कारण रंध्याने दार तयार होते आणि ते गिऱ्हाइकाला दिसते, पंख्याने वाचलेला श्वास कोणाच्या पावतीवर येत नाही.

आमच्या सुताराच्या पंख्याची मोटार दोन अश्वशक्तीची आहे आणि विजेचे बिल वाढले म्हणून म्हातारा अधूनमधून कुरकुरतो. जाड भुसा आता पिंपात पडतो, तो गोठ्यात अंथरायला शेजारी नेतात. बारीक पिशवी आठवड्यातून एकदा झटकावी लागते, आणि ते काम नाकातोंडाला फडके बांधून, वाऱ्याच्या बाजूला उभे राहूनच करायचे असा आमचा दंडक आहे. पोरगा अजून खोकतो, पण पूर्वीइतका नाही. त्याला मी जिल्ह्याच्या दवाखान्यात छाती दाखवून यायला लावले आहे.

या दिवाळीत कोणाच्या घरी नवे कपाट येईल, कोणाच्या दाराला नवी चौकट लागेल. वाचकांपैकी कोणी सुताराकडे माप द्यायला गेले तर लाकडाचा भाव विचारून झाल्यावर एक प्रश्न आणखी विचारावा: “मिस्त्री, भुसा ओढायला पंखा लावलाय का?” दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर अकराव्या वेळी तो लावलेला असेल.