भोंगा, बिडी आणि मॅट्रिक

१८७७ साली मोरारजी गोकुळदास यांची सूतगिरणी सोलापुरात सुरू झाली. पुढे लोक तिला जुनी मिल म्हणू लागले. चारच वर्षांनी देशातला पहिला कारखाना कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलाला गिरणीत घ्यायचे नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तासांहून जास्त राबवायचे नाही, असे त्यात ठरले. १८९१ मध्ये किमान वय नऊवर गेले आणि तास सातवर आले. १९२२ मध्ये वय बारा झाले, तास सहा. ही कलमे कामगार चळवळीच्या इतिहासात वाचायला मिळतात. पण सोलापुरातल्या विद्यार्थ्याचा इतिहास लिहायचा तर सुरुवात तिथूनच करावी लागते, कारण दिवसाचे नऊ तास गिरणीला गेले की शाळेसाठी काय उरते, हा प्रश्न या गावात शाळांइतकाच जुना आहे.

अभ्यासाच्या ताणाची चर्चा मात्र गिरणीत नव्हे, विद्यापीठात सुरू झाली. मुंबई विद्यापीठ १८५७ चे आणि त्याची पहिली मॅट्रिक १८५९ ची. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. रानड्यांचे वाचन अफाट. त्यापायी विद्यार्थिदशेतच त्यांचे डोळे बिघडले आणि पुढे आयुष्यभर त्यांनी त्रास दिला. न्यायमूर्ती झाल्यावर, १८९४ मध्ये, त्यांनी पदवीधर मंडळी अकाली का मरतात, हा प्रश्न जाहीरपणे मांडला. दहावीच्या मुलाच्या झोपेची काळजी करणारे आजचे पालक ज्या वादात उतरतात, तो महाराष्ट्रात निदान सव्वाशे वर्षे चालू आहे.

मॅट्रिक ही नुसती परीक्षा नव्हती. कारकुनी, मास्तरकी, कचेरीतली नोकरी, कॉलेजचे दार, सगळे तिच्यापलीकडे होते. १९२९ च्या हार्टोग समितीने तर सगळे माध्यमिक शिक्षण मॅट्रिकच्या दावणीला बांधले गेल्याचे स्पष्टच नोंदवले. एकदा गचकलेला मुलगा पुन्हा बसे, तिसऱ्यांदा बसे. ‘मॅट्रिक नापास’ हीसुद्धा एक पात्रता म्हणून सांगितली जाई, इतका त्या परीक्षेचा दबदबा होता.

सोलापूरच्या मुलाला यात आणखी दोन अडचणी होत्या. पहिली भाषेची. गिरणीमुळे आणि त्याआधीपासूनच्या हातमागामुळे गावात चार भाषा नांदत होत्या. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू, लिंगायत व्यापाऱ्यांच्या आणि अक्कलकोटकडच्या शेतकऱ्यांच्या घरी कन्नड, मोमीन वस्तीत उर्दू, आणि बाजारात मराठी. मॅट्रिकची इंग्रजी या सगळ्यांवर. विणकराच्या पोराला गणिताचे उदाहरण कळायच्या आधी त्याची भाषा कळावी लागे. म्हणूनच पुढे इथे भाषावार आणि समाजवार शाळा उभ्या राहिल्या. पद्मशाली समाजाची कुचन प्रशाला, पानगल अँग्लो उर्दू हायस्कूल, त्यांच्या जोडीला हरिभाई देवकरण प्रशाला, सरकारी नॉर्थकोट ही नावे गावात आजही पत्ता सांगताना वापरली जातात.

दुसरी अडचण अंतराची. १९४० मध्ये डी. ए. व्ही. कॉलेज, म्हणजे आजचे दयानंद, निघेपर्यंत मॅट्रिकनंतर सोलापूर सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुणे किंवा मुंबई गाठायची. तिथे खोली, खाणावळ आणि फी परवडणाऱ्यांची संख्या किती असणार? संगमेश्वर कॉलेज १९५३ चे, वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे. विद्यापीठ तर मुंबई, मग पुणे, मग कोल्हापूर असे बदलत गेले आणि सोलापूरला स्वतःचे मिळाले २००४ मध्ये.

या दोन्ही अडचणींवर समाजाने जे तोडगे काढले त्यांत अभ्यास कमी करण्याचा एकही नव्हता. सगळी धडपड मुलाला जागा आणि वेळ मिळवून देण्याची होती.

सर्वांत जुना तोडगा वारांचा. खेड्यातून शिकायला आलेला गरीब मुलगा, बहुतेक ब्राह्मणाचा, सात घरी सात वार लावून जेवे. सोमवारी एका वकिलाकडे, मंगळवारी एका व्यापाऱ्याकडे. एखाद्या घरी सुतक पडले किंवा मंडळी गावाला गेली, की त्या वारी उपास. महाराष्ट्रभर ही चाल होती आणि तिची लाज वाटल्याच्या आठवणी त्या पिढीतल्या कित्येक मोठ्या माणसांनी लिहून ठेवल्या आहेत. ज्यांना जातीमुळे कुणाच्या पंक्तीला बसताच येत नव्हते त्यांना वारांचा उपयोग नव्हता. बोर्डिंगांची गरज तिथून निर्माण झाली. सोलापुरात जैन समाजाने बोर्डिंग काढले, लिंगायत समाजाने काढले. बार्शीत मामासाहेब जगदाळे यांनी शेतकऱ्यांच्या मुलांची जेवणाखाण्याची आणि राहण्याची सोय केली. पद्मश्री सुमतीबाई शहा यांच्या श्राविका संस्थेने विधवा आणि परित्यक्ता बायकांना शिकायला छप्पर दिले. घंटेला उठणे, घंटेला जेवणे आणि रात्री सगळ्यांनी मिळून एका दिव्याखाली वाचणे, हा बोर्डिंगचा शिरस्ता. घरी अभ्यासाला कोपरा नसलेल्या मुलांना तो जाचक वाटण्याऐवजी सुटका वाटे.

जागा नसणे म्हणजे काय, हे पूर्व भागातल्या बिडी कामगारांच्या घरात गेले की कळते. आई दाराशी मांडीवर सूप घेऊन बसलेली असते. भिजवलेली तेंदूची पाने पत्र्याच्या साच्यावर कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायची, दोरा गुंडाळायचा. बिडीचे तोंड मिटायला बारीक बोटे बरी पडतात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ते काम पोरींच्या वाट्याला आले. मजुरी हजारावर. संध्याकाळी माल घेऊन कारखान्यात गेले की तपासणीत खराब बिड्या बाजूला निघतात आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. शेजारच्या खोलीत यंत्रमाग खडखडत असतो. अशा घरात भूगोलाचे पुस्तक उघडायची वेळ एकच, माग थांबल्यावर.

ज्यांचा दिवस आधीच विकला गेला होता त्यांच्यासाठी रात्रशाळा होती. सोलापूरच्या रात्रशाळेचा सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे सुशीलकुमार शिंदे. १९४१ चा जन्म, वडील लवकर गेलेले. १९५७ मध्ये ते सोलापूरच्या न्यायालयात पट्टेवाला म्हणून लागले. दिवसा साहेबांच्या दाराशी उभे राहायचे, पक्षकारांची नावे पुकारायची आणि दिवेलागणीला शाळेत जाऊन बसायचे, असे ते दिवस होते. पुढे दयानंदमधून कला शाखेची ऑनर्स पदवी, मग कायदा. १९६५ मध्ये फौजदार झाले, २००३ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री. ही कथा सोलापुरात शाळाशाळांतून सांगितली जाते, पण ती सांगताना रात्रशाळा नावाची सोय होती म्हणून ती घडली, एवढे सांगायचे बहुधा राहून जाते. रात्रशाळेच्याच वळणावरचे छत्रपती शिवाजी रात्र महाविद्यालय गावात पुढे उभे राहिले.

स्वातंत्र्यानंतर ओझे उतरवण्याचे काम सरकारने हाती घेतले. शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे गेली. मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये बाहेरच्या परीक्षांचे प्रस्थ कमी करा असे सुचवले. कोठारी आयोगाचा दहा अधिक दोनचा आराखडा महाराष्ट्राने उचलला आणि १९७५ मध्ये अकरावीच्या मॅट्रिकऐवजी दहावीची परीक्षा आली. एक वर्ष कमी झाले खरे, पण त्याच्या जागी दोन परीक्षा आल्या, दहावी आणि बारावी. १९९३ मध्ये यशपाल समितीने दप्तराच्या ओझ्यापेक्षा न कळण्याचे ओझे जास्त जड आहे, हे दाखवून दिले. त्यानंतरच्या सवलती घरोघर माहीत आहेत. सर्वोत्तम पाच विषयांचेच गुण धरणारे बेस्ट ऑफ फाइव्ह आले. ऑक्टोबरची परीक्षा जाऊन जुलैत फेरपरीक्षा येऊ लागली. गुणपत्रिकेवरचा ‘नापास’ शेरा जाऊन ‘कौशल्य विकासास पात्र’ असे लिहिले जाऊ लागले.

याच काळात शेजारच्या लातूरने वेगळीच दिशा पकडली. प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून निघालेल्या लातूर पॅटर्नमध्ये सराव चाचण्या, जादा तास आणि सुट्टीतही शिकवणी यांना पर्याय नव्हता. गुणवत्ता यादीत लातूरची नावे झळकू लागली आणि सोलापूरच्या मध्यमवर्गीय घरांतून मुलामुलींच्या बॅगा तिकडे निघाल्या. १९९९ मध्ये वैद्यकीय प्रवेशासाठी राज्याची सीईटी आली, पुढे नीट आली. बोर्ड सोपे झाले तरी प्रवेशाची चाळणी बोर्डाबाहेर गेली, तेव्हा ताणही बोर्डाबाहेर गेला. गिरण्या बंद पडून पाळ्यांचे भोंगे थांबले होते. त्यांच्या जागी पहाटेचा क्लास, दिवसाचे कॉलेज आणि रात्रीची टेस्ट सिरीज अशी तीन पाळ्यांची नवी व्यवस्था आली. फरक इतकाच की आधी मुलगा कामातून अभ्यासाला वेळ चोरत होता. आता अभ्यासच पूर्णवेळ काम झाला आणि खेळायला वेळ चोरावा लागतो. २०२४ च्या जानेवारीत केंद्राने सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासने घेऊ नये, अशी मार्गदर्शक सूचना काढली. १८८१ च्या कारखाना कायद्याप्रमाणे पुन्हा एकदा वयाची अट आली, या वेळी शिकण्यालाच.

जागा आणि वेळ मिळवून देण्याच्या जुन्या तोडग्याची परंपरा पुरती संपलेली नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या संस्था आहेत, पैसे भरून बसायच्या अभ्यासिका गल्लोगल्ली निघाल्या आहेत. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, म्हणजे शाळा बुडालेल्या मुलीलाही धडा घरी ऐकता यावा. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले.

आता नवी पंचाईत पंचांगाची आहे. सोलापूरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरतो मकर संक्रांतीला. सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात, होम मैदानावर पाळणे लागतात आणि महिनाअखेरपर्यंत गर्दी हटत नाही. परीक्षा मार्चमध्ये असायची तेव्हा गड्डा फिरून आल्यावरही उजळणीला महिना-दीड महिना मिळे. २०२५ मध्ये मंडळाने बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू केली. बारावीचे प्रॅक्टिकल तर २४ जानेवारीपासूनच होते. पाळणे फिरत असताना जर्नल पुरे करायची वेळ आलेल्या सोलापूरच्या मुलांनी त्या वर्षी गड्डा संध्याकाळच्या तासाभरात उरकला.