शिवलेली होडी

अकोटच्या सतरंज्या आपण पाहिल्या आहेत. पण शिवलेली होडी ऐकली आहे काय?

आपल्याकडचा डोंगा म्हणजे एकाच खोडातून कोरलेली होडी. त्यासाठी एक मोठं झाड जाई, अन् कोरताना बरंचसं लाकूड ढलप्यांत जाई. अरबी समुद्रावर रीत निराळी. तिथं फळ्यांना भोकं पाडून त्या काथ्यानं शिवीत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनं होर्मुझला अशी बिनखिळ्यांची गलबतं पाहिली.

पुढं खिळा आला, टाका मागं पडला. तो परतला प्लायवूडबरोबर. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे उभे-आडवे चिकटवून केलेला तक्ता. १९६३ साली इंग्लंडात ‘मिरर’ नावाची होडी निघाली, घरी बांधता येईल अशी. तक्ते कापायचे, कडा तांब्याच्या तारेनं शिवायच्या, सांध्यावर काचेच्या धाग्याची पट्टी राळेनं बसवायची. आता या कामी इपॉक्सी वापरतात. १९८० नंतर केरळच्या मच्छीमारांनीही प्लायवूडच्या होड्या घेतल्या. कारण मोठी खोडं मिळेनाशी झाली होती.

गुरुजी, वर्गात पुठ्ठा कापून दोऱ्यानं शिवून दाखवा. सपाट पुठ्ठ्याला होडीचं पोट येतं. मुलांना कळेल, की होडीचं बळ खोडाच्या जाडीत नाही, सांध्यात आहे.