पाटीवर आकडा आहे, माणूस कुठे शोधायचा?

महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत एखाद्या भिंतीत बसवलेली छोटी संगमरवरी पाटी दिसते. मजकूर साधारण सारखाच: या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकही नाही. मग रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावाला आपली माणसं शोधायची असतील तर सुरुवात कुठून करायची?

आधी एक लक्षात घ्या. मोठ्या स्मारकांवरही हेच झालं. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी कूतच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. या आघाडीवर ज्यांची थडगी सापडत नाहीत त्यांच्यासाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक झालं. त्यावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या शिपायांचे मात्र पलटणीनुसार नुसते आकडे.

नावं कागदावर आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर ती फुकट शोधता येतात. बऱ्याच नोंदींत शिपायाचं नाव, क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख, बापाचं नाव, गाव आणि तालुका मिळतो. पण गावाचं नाव कारकुनाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं असतं. म्हणून एकाच गावाची पाच-सहा स्पेलिंगं करून शोधा.

तालुकाही आजचा धरू नका. तेव्हा मंडणगड दापोलीखाली होता आणि गुहागर चिपळूणखाली. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे ‘रत्नागिरी’ अशी नोंद मालवण-देवगडच्या माणसाचीही असू शकते. शिवाय गावांची नावं पुन्हा पुन्हा येतात: एक नांदगाव कणकवलीजवळ, दुसरं मुरुडजवळ.

इथे मी स्वतः फसलो. नाव जुळलं, आडनाव जुळलं, गावही जुळलं असं वाटलं आणि मी त्या घरी सांगून मोकळा झालो. संध्याकाळपर्यंत ते गावच्या ग्रुपवर फिरलं. मग नोंद नीट वाचली: बापाचं नाव वेगळं, तालुका राजापूर. त्या घरी परत जाऊन ‘हे तुमचे आजोबा नव्हेत’ सांगणं फार जड गेलं.

तेव्हापासून विज्ञानात शिकलेला नियम इथेही पाळतो: जुळणारं नाव हा पुरावा नाही, ते फक्त गृहीतक आहे. बापाचं नाव, गाव-तालुका आणि पलटण-क्रमांक यांपैकी किमान दोन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणांहून जुळल्या, तरच ओळख पटली म्हणायचं. नुसता क्रमांक पुरत नाही, कारण प्रत्येक पलटण आपले क्रमांक स्वतंत्र देई.

घरातला सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे पदक. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. ट्रंकेत पडलेलं पदक भिंगाखाली धरा, आणि ते पॉलिश करून घासू नका. १९२२ च्या फेररचनेत पलटणींचे क्रमांक बदलले, हेही ध्यानात ठेवा: ११७ वी ही पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियन झाली.

आडनावावरून जात ठरवू नका. कदम, जाधव, मोरे ही आडनावं मराठ्यांत आहेत तशी महारांतही आहेत. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. पाटीवरचे सगळे कदम आपल्याच भावकीतले असं धरून चाललात, तर वाडीतलं एखादं घर दुसऱ्यांदा पुसलं जाईल. किनाऱ्यावरच्या गावात बोटीवरचे खलाशीही तपासा. समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे.

शेवटी तक्त्यात तीन रकाने करा: पटलेली ओळख, शक्य ओळख, रिकामी जागा. पाटीवर आकडा सात असेल आणि तुमच्याकडे चारच नावं पक्की असतील, तर चारच लिहा. उरलेले तीन कोणाचे तरी आहेत, त्यांची जागा दुसऱ्याला देऊ नका.